कमानीखालचे दोन ओटे

"धुळ्याले जीवरामभाऊकडे तुम्ही केलं ना, तसंच आमाले पायजे," फैजपूरचा चुडामण म्हणाला. "दोन ओट्यांचं."

शेजारी त्याचा धाकटा भाऊ भटू बसला होता. दोघांच्या अंगात एकाच ताग्यातले शर्ट होते आणि दोघांनी चहाची बशी एकदमच तोंडाला लावली. सुपडू महाजन खूश झाला. त्या धुळ्याच्या स्वयंपाकघराचा फोटो त्याच्या मागच्या भिंतीवरच होता, मुंबईच्या एका मासिकात छापून आलेला, काचेत मढवलेला. जळगावच्या या ऑफिसात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी फोटोकडे बघायचं आणि मग सुपडूकडे जरा सावरून बघायचं. ते सावरणं त्याला आवडायचं. त्यानं कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिलीचं टोक तपासलं आणि सहज विचारलं, "त्या कामाबद्दल कोणी सांगितलं तुम्हाला?"

"खुद्द जीवरामभाऊनं. लांबचे सोयरे लागतात आमचे. म्हणे, महाजनसाहेबानं असं करून दिलं, की वेगळं व्हतांना काही वाटलंच नाही. ना भिंत घातली ना भांडण झालं. बाहेरच्याले कळतबी नाही." चुडामणनं बशी कपाखाली सारली. "आमचंबी भांडण नाही बरं साहेब. म्हणूनच म्हटलं, गोडीत आहे तोवर करून घ्यावं."

"बायकाबी तयार आहेत," भटू म्हणाला.

सुपडूनं खोलीची लांबी विचारली, रुंदी विचारली, पाण्याचा नळ कुठं, धूर जायला जागा आहे का, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. हात चालत होता. डोकं मात्र मागेच, त्या एका वाक्याशी अडून बसलं होतं. वेगळं झालं म्हणजे कोण वेगळं झालं? त्या घरात दोन भाऊ होते, त्यातले थोरले तोतारामभाऊ वारून जमाना झाला. राहिले जीवराम, त्याची बायको लताबाई, मुलं. वेगळं व्हायला समोर दुसरा संसार लागतो. दोन भाऊ लागतात, दोन सुना लागतात, निदान भांडायला तरी कोणी लागतं. इथं समोर होतं कोण, तर तोतारामभाऊंची बायको सुगंधाबाई, मूलबाळ नसलेली, एकटी. तिच्यापासून वेगळं व्हायचं म्हणजे तिला तिच्याच स्वयंपाकघरात एका बाजूला सरकवून ठेवायचं. हे डोक्यात स्वच्छ झालं तेव्हा पेन्सिल कागदावर थांबली होती, आणि चुडामण म्हणत होता, "साहेब, इकडच्यासारखंच तिकडे काढा बरं. कमीजास्त झालं तर बायका ऐकायच्या नाहीत." सुपडूनं मान डोलावली आणि काढलं.

ते दोघं गेल्यावर तो उठून फोटोसमोर उभा राहिला. फोटोत माणूस नव्हतं. मासिकवाल्यांनी मुद्दाम सगळ्यांना बाहेर काढलं होतं, एक पितळी कळशी तेवढी राहू दिली होती. काळ्या दगडाची रुंद कमान, तिच्या दोन्ही अंगांना सागाची कपाटं, डावीकडे जेवढी तेवढीच उजवीकडे, दोन खिडक्या, दोन ओटे. तो बंगला गोऱ्या साहेबानं बांधलेला. कापूस खरेदीला आलेला कुठलासा साहेब पांझरा नदीच्या अंगाला राहायचा म्हणे. साहेबाचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, बोळातून जायचं, म्हणजे मसाल्याचा वास त्याच्या नाकाला लागू नये. मधोमध कमान आणि तिच्या आत भट्टी, वर धुराडं. तोतारामभाऊंनी बंगला घेतला तेव्हा या खोलीत सरकीची पोती भरलेली होती. सुगंधाबाईनं ती उपसायला लावली, भट्टीच्या जागी मातीची चूल घातली आणि तिथं ती पुढची सगळी वर्षं बसून रांधत राहिली. सुपडूनं ही खोली पहिल्यांदा पाहिली तेव्हा कमानीखाली तीच बसली होती, फुंकणी हातात घेऊन. पण खरं सांगायचं तर त्याला ती दिसली नाही. त्याला कमान दिसली. मुंबईच्या कॉलेजात शिकताना ज्या गोष्टीसाठी जीव तुटायचा ती गोष्ट आपल्या मुलखात, काजळीनं माखून, सरकीच्या वासात आपली वाट बघत बसलीय असं त्याला वाटलं होतं.

जीवरामला गुलाबी सनमायका हवा होता. धुळ्यातल्या सगळ्या चांगल्या घरी गुलाबी सनमायका होता आणि जीवराम कोणापेक्षा कमी नव्हता. सुपडूनं त्याला दिवसभर बसून समजावलं. दगडाला एकही खिळा ठोकणार नाही, एक भोकही पाडणार नाही, कपाटं आपापल्या पायांवर उभी राहतील, भिंतीपासून बोटभर सुटी. लाकूड याच बंगल्याच्या पडवीतून निघालेल्या जुन्या तुळयांचं. खिडक्यांना साहेबाच्या वेळच्या आडव्या पट्ट्यांची झडपं होती, तशाच पट्ट्या कपाटांच्या दारांना. शेवटी जीवराम म्हणाला, "तुम्ही शिकलेले लोक. करा काय करायचं ते. पण लोकांनी बघायला आलं पाहिजे." आणि लोक खरोखर बघायला आले.

आता त्या फोटोसमोर उभं राहून सुपडूला आठवत होतं ते वेगळंच होतं. कच्चा नकाशा घेऊन तो जमिनीवर बसला होता आणि सुगंधाबाई परातीत पीठ घेऊन समोर. तिनं त्याचं नाव विचारलं. तो सगळीकडे एस. डी. महाजन असं सांगायचा, पाटीवरही तसंच होतं. पण तिच्या विचारण्यात असं काही होतं की त्याच्या तोंडून खरं नाव निघून गेलं. ती हसली नाही. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घातलेला तो सुपडू, हे खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही. ती पीठ मळायची थांबली आणि म्हणाली, "माले कोनी सांगं नही भाऊ. नहीते मीबी सुपडामा टाकतू." मग परत मळायला लागली. नंतर तिनं नकाशाकडे बघून विचारलं, या दोन रेघा कशाच्या? दोन ओट्यांच्या, तो म्हणाला. एक इकडे, एक तिकडे.

"एकच वट्टा कर भाऊ. खिडकीजवळ, पाणी जठे शे तठे."

"अक्का, साहेबानं दोन्ही बाजू सारख्या ठेवल्यात. एका अंगाला ओटा केला तर कमान लंगडी दिसेल."

"साहेब ते गया ना निंघी. आते रांधनं आमले शे." मग थोडं थांबून, परातीकडेच बघत, "दोन वट्टा करशी ते दोन चुली व्हतीन."

तो मोठ्यानं हसला होता. ओट्यानं कुठं घर फुटतं का अक्का, असं काहीतरी म्हणाला होता. तिनं वाद घातला नाही. तिला वाद घालायची सवय नव्हती. तिचं या घरात जे काही होतं ते सगळं तिच्या हाताच्या चवीवर चाललेलं होतं, आणि अशी माणसं फार बोलत नाहीत.

एवढंच असतं तर सुपडूनं स्वतःला माफ केलं असतं. बायका काहीबाही म्हणत असतात, आपण आपलं काम करतो. पण त्याच दिवशी, बोळातून बाहेर पडताना लताबाई भिंतीला टेकून उभी होती. हळू आवाजात, शहरी मराठीत, पाठ केल्यासारखं तिनं विचारलं, "उजवीकडच्या कपाटांना कुलूप बसेल ना?" तो म्हणाला, बसेल की, दोन्हीकडे बसेल. ती म्हणाली, "उजवीकडे बसलं म्हणजे झालं. आणि त्या ओट्याखाली सिलिंडरला जागा ठेवा." सिलिंडरची जागा डाव्या ओट्याखाली ठरलेलीच होती. एका घरात गॅसच्या दोन शेगड्या कशाला लागतात हे न कळण्याइतका तो मुंबईचा झालेला नव्हता. यावलला त्याच्या लहानपणी बाप आणि काका वेगळे झाले त्याच्या आधी कितीतरी दिवस त्याच्या आईनं एकेक वस्तू दुसरी आणून ठेवायला सुरुवात केली होती. दुसरा तवा, दुसरी उलथनी, दुसरा पाटा. आणायची आणि माळ्यावर गोणपाटाखाली ठेवायची. घरात सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं, आणि जेव्हा सगळं दुसरं गोळा झालं तेव्हा एका सकाळी परसात दुसरी चूल पेटली. त्या दिवशी चुलतभाऊ सवयीनं सुपडूच्या शेजारी जेवायला येऊन बसला, तर काकूनं त्याला दंडाला धरून उठवून नेलं. तो जाताना मागं वळून ताटाकडे बघत होता. म्हणजे सुपडूला माहीत होतं. दुसऱ्या सिलिंडरचा अर्थ त्या बोळात उभं राहूनच त्याला कळला होता.

आणि कळल्यावर त्याला काय वाटलं होतं? इथं येऊन त्याचं मन अंग चोरायचं आणि तो ते पुन्हा ओढून आणायचा. त्याला बरं वाटलं होतं. घरातल्या एका बाईला दोन ओटे हवे आहेत म्हणजे आता कमान लंगडी होणार नाही, असं वाटलं होतं. त्यानं मोठ्या आनंदानं दुसऱ्या सिलिंडरचं कपाट काढलं होतं. एका माणसाचं ताट मोडतंय हे दिसत असताना तो कागदावर ओळ कशी छान जुळली ते बघत बसला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. फोटोच्या काचेत त्याचाच चेहरा कमानीवर पडला होता, म्हणून तो बाजूला झाला.

घरी जेवताना त्यानं बायकोला, मंजुळाला, सगळं सांगितलं. कुलपाचं आणि सिलिंडरचं तेवढं सांगितलं नाही. मंजुळा भरीत वाढत होती. म्हणाली, "तुम्ही काय त्यांना वेगळं व्हा म्हणून सांगायला गेला होता का? ज्यांना व्हायचं ते झोपडीतही होतात." हे त्याला हवं असलेलंच उत्तर होतं, आणि ते मिळाल्यावर काही हलकं झालं नाही. सकाळी कारखान्यात नासीर मिस्त्रीला सांगितलं. धुळ्याची ती सगळी कपाटं नासीरच्या हातची. नासीरला त्या कामाचा भारी गर्व होता, कोणी विषय काढला की दारांच्या पट्ट्या कशा बसवल्या ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. आताही सुरू झाला. सुपडूनं त्याला थांबवून सुगंधाबाईचं सांगितलं तेव्हा त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि जरा रागानंच म्हणाला, "साहब, आपण काय केलं त्याच्यात? कबर खोदणारा काय माणूस मारतो का?" त्याला वाटलं आपण साहेबाची समजूत काढली. सुपडू तिथून निघाला तो सरळ एसटी स्टँडवर गेला.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून उन्हाचा झोत येत होता आणि शेजारचा माणूस त्याच्या खांद्यावर डुलक्या घेत होता. आपण जाऊन काय करणार हे सुपडूनं नीट ठरवलं. बिजागऱ्या तपासायला आलो असं सांगायचं. मग अक्काशी बोलायचं. कमानीखालचं, मधलं जे काही आहे ते काढून टाकायचं, डावा आणि उजवा ओटा एका शहाबादी फरशीनं जोडायचा, भले कमान झाकली जावो. कुलपं काढून टाकायची. जीवरामला सांगायचं, माझी चूक झाली, मी माझ्या खर्चानं दुरुस्त करतो. हे वाक्य त्यानं मनात बऱ्याच वेळा म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी ते थोडं अधिक थोर वाटायला लागलं. धुळं येईपर्यंत त्याला स्वतःबद्दल बरंच बरं वाटू लागलं होतं. स्टँडवरून तो पायीच निघाला. धुळ्याच्या गल्ल्या सरळ, फूटपट्टी लावून काढल्यासारख्या, एरवी त्या चालताना त्याचं मन निवायचं.

जीवराम कापसाच्या जिनिंगवर गेलेला होता. मुलं बाहेर खेळायला. लताबाई पुढच्या दारात कोणा बाईशी बोलत उभी होती, तिनं हसून "या ना, या" म्हटलं आणि बोळाकडे हात केला. आत गेल्याबरोबर सुपडूला पहिल्यांदा काय दिसलं, तर उजवीकडच्या दगडात ठोकलेला खिळा. त्याला कॅलेंडर लटकवलेलं. खिळ्याभोवती दगडाचा टवका उडाला होता. त्याच्या मस्तकात सणक गेली, आणि ती गेल्याबरोबर लाज वाटली, की आपण एवढ्या लांबून माणसासाठी आलो आणि डोळा पहिला गेला तो खिळ्यावर. उजवी बाजू गच्च भरलेली होती. बरण्या, डबे, मिक्सर, मुलांची दप्तरं, आणि भिंतीलगत एक जेवणाचं टेबल, गुलाबी सनमायक्याचं. जीवरामनं शेवटी आपली हौस भागवून घेतली होती. डावीकडचा ओटा मात्र फोटोत होता तसाच होता. पुसलेला, रिकामा, वर एक तवा, एक पातेलं, तेलाची बुधली. कपाटाची दारं तेल लावून ठेवल्यासारखी चमकत होती. सुगंधाबाई ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. तिला उभ्यानं स्वयंपाक करायची सवय नव्हती, ती दर थोड्या वेळानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती.

"कव्हय उना सुपडूभाऊ?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका सरळ आनंद उमटला की त्याला तो बघवेना.

तो बिजागऱ्या तपासायला लागला. एक दार उघड, मिटव. दुसरं उघड, मिटव. आत काय होतं? पहिल्या कपाटात पिठाचा डबा. दुसऱ्यात डाळ. तिसरं रिकामं. चौथ्यात सगळ्यात वरच्या फळीवर ते मोठं मातीचं खापर पालथं ठेवलेलं, पुरणपोळीचं, परातीएवढं. त्याची एक आखाजी, अक्षय्य तृतीया, या घरात झाली होती, काम चालू असताना. तेव्हा तिनं चुलीवर ते खापर पालथं मांडून, हातावर कोपरापर्यंत पोळी वाढवत वाढवत नेऊन त्याच्यावर टाकली होती आणि नासीरसकट सगळ्यांना पंगतीत बसवलं होतं. लताबाई तेव्हा तूप वाढत होती. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिला तूप वाढण्यापलीकडे काही करू दिलेलं नव्हतं हेही सुपडूनं तेव्हा पाहिलं होतं. भाजीत मीठ किती घालायचं हे अक्काच ठरवायची. लताबाईनं एकदा घातलं तर अक्कानं सगळ्यांदेखत भाजी पुन्हा सारखी केली होती. तिनं ते प्रेमानंच केलं, आणि लताबाईचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता तेही त्याला आता आठवलं. म्हणजे दोष एकीचा नव्हता. दोष वाटून टाकता येईना म्हणून तो सगळा परत त्याच्याकडेच येत होता.

"यंदा आखाजीला काय केलं अक्का?"

"तिनी तवावर करी लिन्ही, न्हान्या न्हान्या. पोरेस्नी खाद्या." ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "मी काय करू? एकली साठे कोनी खापर मांडस का?"

ओट्यावर तिनं केलेल्या भाकरी एकावर एक रचलेल्या होत्या, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, काळपट, पदर सुटलेल्या. एका माणसाला दोन दिवसही संपणार नाहीत इतक्या. सुपडू त्यांच्याकडे बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. ती ओशाळून हसली. म्हणाली, हाताला एकाचा अंदाजच येत नाही. पीठ घेतलं की बठ्ठ्या, सगळ्या घराचंच घेतलं जातं, मग उरलेलं गायीला. मुलं आधी यायची, इकडचं एक खायची, तिकडचं एक खायची. आता येत नाहीत. त्यांना सांगितलेलं आहे. "रडतस का नही ते माले माहीत नही," ती म्हणाली. "दार लायी लेतस." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडला नाही हे सांगावं तसं ती सांगत होती, आणि सुपडूला वाटत होतं हिनं एकदा तरी म्हणावं, तुला मी सांगितलं होतं. तिनं ते म्हटलं असतं तर त्याला आपलं वाक्य बोलायला सोपं गेलं असतं. ती म्हणत नव्हती. बहुतेक तिला ते आठवतही नव्हतं.

शेवटी त्यानं न विचारताच सांगून टाकलं. "अक्का, मी हे जोडून देतो. मधे फरशी टाकतो, एकच ओटा करतो. तुम्ही म्हणाला होता तसा. जीवरामभाऊंशी मी बोलतो."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी फुगून एका बाजूनं वाफ सोडायला लागली. ती बराच वेळ उजवीकडे बघत राहिली, त्या बरण्यांकडे, दप्तरांकडे, गुलाबी टेबलाकडे.

"आते जोडशी ते तो वट्टा तिना व्हई," ती म्हणाली. "मंग मी कोठे रांधसू? तिले इचारी इचारी?" तिनं भाकरी उतरवली. "ऱ्हाऊ दे भाऊ. इतलं ते मन्हं शे."

बसमध्ये घोकलेलं सगळं एका क्षणात निकामी झालं. आपण जे बिघडवलं ते दुरुस्त करायला गेलो तर जे उरलंय तेही तिच्या हातून जाईल, हे त्याला दिसलं. तो बिजागरीचा स्क्रू उगीचच पिळत राहिला. ती त्याच्याकडे बघत होती आणि त्याचं काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळत होतं, कारण ती एकदम वेगळ्या, घाईच्या आवाजात म्हणाली, "बस. जेवी ले. कितला दिनथीन आठे कोनी जेवं नही."

तिनं पाट मांडला. डाव्या ओट्याच्या पायाशी, जमिनीवर, पाण्याचा तांब्या ठेवला. ताट पुसलं, पुसलेलं पुन्हा पदरानं पुसलं. कपाटातून लोणच्याची बरणी काढली, तेल काढलं, कांदा मुठीनं फोडला. आमटीला तिनं पुन्हा एकदा फोडणी दिली, लसूण खमंग झाला, आणि त्या वासासरशी ती खोली सुपडूला जुनी वाटायला लागली, कपाटांच्या आधीची. ताटात दोन भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, ठेचा, कच्चं तेल. ती वाढत होती आणि तिच्या हालचालीतलं ते अवघडलेपण, तो भार या पायावरून त्या पायावर, सगळं नाहीसं झालं होतं. सुपडू पाटावर बसला. त्याच्या मनात आलं, चला, एवढं तरी आपल्याकडून होतंय. त्यानं ताटाभोवती पाणी फिरवलं आणि भाकरीचा कोपरा मोडला.

"अरे, अरे, महाजनसाहेब, तिकडे कुठं बसलात?" जीवराम बोळातून आत येत होता, घामानं डबडबलेला, हसरा, दोन्ही हात पसरलेले. मागं लताबाई. "घरवालीनं फोन केला म्हणून धावत आलो. पाहुणे आमचे आणि तुम्ही अक्काला तकलीफ देताय? तिच्याकडे एकटीपुरतं असतं. उठा, उठा. इकडे टेबल आहे ना आपलं." आणि जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, प्रेमानं, "जिनिंगवाल्यांच्या नव्या गेस्ट हाऊसचं बोलायचंय. तुमचंच नाव सुचवलंय मी."

सुपडूला एकच वाक्य म्हणायचं होतं. माझं ताट वाढलंय. एवढंच. याच्यात कोणाचा अपमान नव्हता, कोणाची बाजू घेणं नव्हतं. भरल्या ताटावरून माणूस उठत नाही हे जीवरामलाही मान्य झालं असतं, तो हसला असता आणि म्हणाला असता, बरं तर बरं, मग चहा आमच्याकडे. वाक्य जिभेपर्यंत आलं होतं. त्यानं वर बघितलं. जीवरामचा हात खांद्यावर तसाच होता, हलकासा वर ओढणारा. लताबाई कमानीपाशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक अधीर, लाजरी आशा होती, पहिल्यांदाच आपल्या हातचं बाहेरच्या माणसाला वाढायला मिळणाऱ्या बाईची. आणि सुगंधाबाई हातात आमटीची वाटी घेऊन उभी होती.

"जाय भाऊ," सुगंधाबाई म्हणाली. "बलाई ऱ्हायनात ना ते. जाय."

तो उठला. आपण उठतोय हे त्याला कळत होतं, गुडघ्यावर हात ठेवून, पाट जरासा मागं सरकवून. कमानीपुढून चालत तो उजवीकडे गेला, हे अंतर त्यानंच आखलेलं होतं. गुलाबी टेबलापाशी खुर्ची ओढून जीवरामनं त्याला बसवलं आणि गेस्ट हाऊसच्या खोल्या मोजायला सुरुवात केली. लताबाईनं किल्लीनं कपाट उघडून स्टीलचं नवं ताट काढलं. शेवभाजी होती, भाकरी होती, भात होता, पापड होता. तिनं वाढलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. त्यानं पहिला घास घेतला.

"मीठ बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

"अगदी बरोबर आहे वहिनी," तो म्हणाला. आणि ते खरं होतं, भाजी चांगली झाली होती. लताबाईचं तोंड उजळलं.

डावीकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्याला दिसत होतं. सुगंधाबाईनं शेगडी बंद केली. वाढलेलं ताट तसंच जमिनीवर होतं, दोन भाकरींपैकी एकीचा कोपरा त्याच्या हातानं मोडलेला. ती क्षणभर त्याच्यापाशी उभी राहिली. मग पाट आपल्याकडे ओढून, इकडे पाठ करून बसली, आणि पुरुषासाठी वाढलेल्या त्या ताटातून, मोडलेल्या कोपऱ्यापासून, खायला लागली. तिचे खांदे सावकाश हलत होते. जीवराम म्हणत होता की खोल्यांना सागच लावू, यावेळी सनमायक्याचा आग्रह धरणार नाही. सुपडू मान डोलावत होता आणि जेवत होता.

"आणखी एक भाकरी वाढू?" लताबाईनं विचारलं.

"वाढा," तो म्हणाला.